सुनांनाच येणारे वांग

भावांच्या बहिणींनो,

आपल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे, फक्त ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. माहेर तुझंच आहे असं सांगत आपल्याला वाढवलं आणि त्या माहेरात काय चालतं ते आपल्यापासूनच झाकून ठेवलं. भाऊ कसा आहे हे त्याच्या बायकोला महिन्याभरात कळतं, आपल्याला जन्मभर कळत नाही. कळू दिलं जात नाही. आणि खोटं कशाला बोलू, कळू नये म्हणून आपणही डोळ्यांवर कातडं ओढून घेतो. त्या कातड्याखाली मी बावन्न वर्षं आरामात झोपले.

मी औषधांच्या दुकानात काम करते. वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या चिठ्ठी लिहितात, मी मलम देते. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी वडिलांचं शिवणकामाचं दुकान चालवतो. त्याची बायको, माझी वहिनी, त्याच दुकानात काजं करते, बटणं लावते, इस्त्री करते. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालांवरचे वांग पाहिले आणि मलम लिहून दिलं. तिथून पुढची ही पत्रं. वहिनीच्या परवानगीनं देते आहे. नावं गाळली आहेत. माझ्या चुका गाळलेल्या नाहीत.

*

१२ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस नमस्कार.

मलम महिनाभर रोज रात्री लावलं. मुलीच्या वेळी गालांवर उठलेले वांग खरंच फिके झालेत. पहिल्या आठवड्यात तोंड असं सोललं की लेक म्हणाली, "आई, तू उकडलेला बटाटा दिसतेस." पण तुम्ही सांगितलंच होतं, तसं होतं म्हणून. म्हणून घाबरले नाही.

यांचं म्हणणं, हातावर आणि मानेखालीही डाग आहेत, त्यांनाही हेच मलम मागव. शाळेत मदतनीस म्हणून माझं नाव लागलं आहे. जूनमध्ये वैद्यकीय तपासणी आहे. तिथे बिनबाह्यांचा झगा घालून डॉक्टरांसमोर बसवतात म्हणे. तोवर अंग स्वच्छ दिसायला हवं असं यांना वाटतं. मलाही ही नोकरी हवी आहे, वन्सं. फार हवी आहे.

एक विचारायचं होतं. खपली असेल तर त्यावर लावलेलं चालतं का?

फोन यांच्याच खिशात असतो, म्हणून पत्रानं कळवा. हे पत्र यांनी वाचलं आहे. तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

तुमची वहिनी

*

२० फेब्रुवारी

वहिनी,

खपली कशाची गं? खाजवत असशील. नखं काप आधी! जखमेवर, कापल्या-भाजल्या जागी हे मलम अजिबात लावायचं नाही. आगीचा डोंब उसळेल आणि डाग दुप्पट काळा होईल. खपली आपोआप पडू दे, मग लाव. वाटाण्याएवढं, तेही रात्री. सकाळी उन्हाचं मलम विसरू नकोस, नाहीतर रात्री पुसलेलं ऊन दिवसा पुन्हा लिहितं. आणि आठ आठवड्यांपलीकडे नाही. यात स्टेरॉइड असतं. जास्त दिवस चोपडलं तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. बायका गोरेपणाच्या नादानं वर्षानुवर्षं लावतात आणि मग तोंड लपवत माझ्याकडे येतात.

हातावर वांग आले याचं मला नवल नाही. आईलाही होते. आपल्या घरात सुनांना येतातच. काकू म्हणायची, या घरचं पाणीच तसं. खरं तर नव्या जागांसाठी डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, पण घरचंच दुखणं आहे, काय विचारायचं? दोन नळ्या जास्तीच्या पाठवते.

मात्र दवाखान्याची एक पद्धत आहे, ती पाळ. सोबत पारदर्शक प्लास्टिकचे कागद आहेत. डागावर कागद ठेवायचा, बारीक पेनानं कडेकडेनं रेघ मारायची, जागा आणि तारीख लिहायची. कागद मला पाठव. डाग आटतोय की पसरतोय ते मी मोजेन. पेशंट खोटं बोलतात, रेघ बोलत नाही.

नोकरी मिळणार म्हणजे मिळणार. मग पहिला चहा तुझा.

ताई

*

११ मार्च

ती. वन्सं यांस नमस्कार.

तीन कागद पाठवते आहे. डावा दंड, उजवा खांदा, मानेखाली. कापणीच्या कागदावर मारतात तशी रेघ मारली आहे, एक सूतही इकडेतिकडे नाही. खांद्यावरची लेकीकडून मारून घेतली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

यांनी कागद पाहिले आणि हसले. "अंगाचा नकाशा काढतेस काय?" म्हणाले.

मी उन्हात जात नाही. नखं कापली आहेत. जुने डाग फिके होत आहेत.

तुमची वहिनी

*

२ एप्रिल

सोन्या,

हे पत्र तुला लिहिते, कारण तुझी बायको माझं ऐकत नाही. मार्चमध्ये जे डाग होते ते आटायला हवे होते. परवा तिनं चिठ्ठीत लिहिलं, पाठीवर आणखी एक आलाय. एक जातो न जातो तोवर दुसरा! असं वांगांच्या बाबतीत होत नाही. याचा अर्थ बाईसाहेब मलम लावतच नाहीत, किंवा लावतात आणि उन्हात वाळवणासारख्या बसतात. मी इथे डॉक्टरीणबाईंच्या नकळत नळ्या पाठवतेय आणि ही तिथे कपाटात साठवतेय.

तपासणी तोंडावर आली आहे. जरा लक्ष घाल. प्रेमानं ऐकत नसेल तर थोडी धाकात घे.

ताई

*

१० एप्रिल

ताई,

तुझं पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. मुलीलाही ऐकवली, म्हटलं बघ, आत्याही तेच म्हणते.

आता काळजी सोड. रोज रात्री मी स्वतः समोर उभा राहून लावून घेतो. वाटाण्याएवढं बिटाण्याएवढं मला कळत नाही, बोटभर घेतो आणि चोळतो. खपली असली तर खपलीसकट. ओरडते, पण तूच म्हणतेस ना, आग होतेच म्हणून? परवा तोंडात पदर कोंबून बसली होती. नाटकी आहे.

आणि आळशी किती! गिऱ्हाइकाचा नवा सदरा इस्त्रीखाली ठेवून चुलीकडे गेली, पाठीवर हा एवढा डाग. सदऱ्याच्या. वडील असते तर काय केलं असतं, आठवतंय ना? त्यांचा हात आठवतो ना? त्या मानानं मी देवमाणूस.

तुझं मलम म्हणजे नुसतं लोणी आहे. काही जोरदार असेल तर पाठव.

तुझा सोन्या

*

२८ एप्रिल

ती. वन्सं यांस नमस्कार.

आणखी दोन कागद. पाठ आणि उजवा दंड. पाठीची रेघ लेकीनं मारली.

तुम्ही शिंप्याची लेक. कागदावर कागद ठेवून बघा म्हणजे आकार तोच राहिलाय की कमी झालाय ते लगेच कळेल.

मी मलम लावते. रोज लावलं जातं.

तुमची वहिनी

*

६ मे

(हे पत्र मी पोस्टात टाकलं नाही. घरी येणारं प्रत्येक पत्र आधी तो वाचत होता.)

वहिनी,

आज दुपारी दुकान रिकामं होतं. तुझे पाचही कागद काउंटरच्या काचेवर ठेवले, खालून दिवा लावला. वडील बाहीवर बाही ठेवून बघायचे तसे एकावर एक ठेवले.

जुळले.

वहिनी, दोन वांग कधी जुळत नाहीत. बावीस वर्षांत मी हजारो पाहिले. ढगासारखे असतात, कड विरघळलेली असते. तुझे डाग लहान आहेत, मोठे आहेत, एक तर नुसतं टोक आहे, पण पाचही जागी टोक तेच. दोन्ही बाजूंनी सरळ येणारं, आणि डावीकडे टोकाजवळ तांदळाच्या दाण्याएवढा तुटलेला तुकडा.

तो तुकडा मी तोडला आहे. मी दहा वर्षांची होते. दुकानातली लोखंडी इस्त्री माझ्या हातून फरशीवर पडली, टणकन टवका उडाला. वडिलांनी मला काही केलं नाही. आईला आतल्या खोलीत नेलं. मी बाहेर बसून होते आणि आईचा आवाज ऐकून मला वाटलं, आई माझ्यासाठी भांडतेय. बाहेर आली तेव्हा तिनं लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. त्यानंतर तिनं कधी आखूड बाह्यांचं घातलं नाही.

ती गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ मी घातली. पाठीवर, दंडांवर काळे डाग. मी काकूकडे पाहिलं. काकू म्हणाली, "वांगच ते. या घरात सुनांना येतातच." आणि मी, शिकलेली, औषधं ओळखणारी, मी मान हलवली!

अगं, अंगातलं दुखणं असतं तर ते रक्ताबरोबर आलं असतं. मला आलं असतं, माझ्या आत्यांना आलं असतं. आमच्या रक्तात आहे ते, आणि डाग मात्र बाहेरून आलेल्या सुनांना? असा कुठला रोग आहे जो मुलीला सोडतो आणि लग्न करून आणलेल्या बाईला धरतो? ते पाणी नव्हतं. ते लोखंड होतं.

आणि मी त्याला लिहिलं, धाकात घे. खपलीवर, सोललेल्या मांसावर, तो माझं मलम बोटभर चोळत होता. हे लिहिताना माझा हात मला तोडून टाकावासा वाटतोय. तू मला सांगत होतीस. फेब्रुवारीपासून सांगत होतीस. खपली असेल तर लावावं का, हे विचारलंस तेव्हा मी तुला नखं कापायला सांगितली.

आणखी एक कळलंय. हे मलम डाग पुसतं. दोन महिने मी माझ्या हातानं, टपालानं, माझ्या भावाचा गुन्हा पुसत होते.

*

७ मे

सोन्या आणि वहिनी,

घाईचं पत्र. पाठवलेल्या नळ्यांची तुकडी बिघडलेली निघाली आहे. आजपासून एक थेंबही लावायचा नाही. लावलं तर डाग कायमचे राहतील आणि तपासणीत नाव कापलं जाईल. उरलेल्या सगळ्या नळ्या परत हव्यात.

दुसरं मलम आहे, फार जोरदार आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय डॉक्टरीणबाई चिठ्ठी देणार नाहीत. तसा नियम आहे, माझंही चालत नाही. गुरुवारी दुपारची वेळ घेतली आहे. वहिनीला पाठव. मुलीलाही पाठव, वांग आईकडून मुलीकडे येतात का ते बाई बघणार आहेत. दुकान सोडून तू कशाला येतोस, लगीनसराईची शिवण आहे.

ताई

*

२४ मे

ताई,

बिघडलेल्या नळ्या. जोरदार मलम. वा! बायकोला तपासणीला पाठवली आणि तू तिला डॉक्टरीणीपुढे उघडी करून फोटो काढून घेतलेस. पोलिसांत कागद दिलेस.

तेवढ्यानं पोट भरलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात घुसलीस. चार गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यासमोर तापलेली इस्त्री उचललीस. काय म्हणालीस? "टोक घासून टाकशील, म्हणून न्यायला आले." मला काय माहीत तुझ्या डोक्यात काय आहे? मी माझी वस्तू धरली. ओढाताणीत तुझ्या हाताला टेकली. मी टेकवली नाही. टेकली. आणि तू ओरडलीसही नाहीस. ते बघून माझं डोकं आणखी फिरलं. आई तरी ओरडायची.

तरी सोडली नाहीस. वडिलांची इस्त्री, पन्नास वर्षांची, तिच्यावर आपण जेवलो, ती नेऊन पोलिसांच्या टेबलावर ठेवलीस. ते म्हणे प्लास्टिकचे कागद तिच्या तळाला लावून बघत होते आणि एक हवालदार हसत होता. मला बसवून ठेवलं तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पाणीसुद्धा विचारलं नाही.

तू माझी बहीण आहेस का तिची? माझ्या पोरीला परत पाठव. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवलास तर हातावर भागणार नाही, तोंड भाजीन. कितीही नळ्या चोळ मग.

आणि काकू म्हणते तेच खरं. मुलगी शिकवली की घर जळतं.

*

१८ जून

वन्सं,

त्या गुरुवारपासून आम्ही दोघी माझ्या मावशीकडेच आहोत. खोली लहान आहे, पण दाराला आतून कडी आहे. पहिले चार दिवस लेक रात्री तीनदा उठून कडी बघायची. आता एकदाच बघते.

तपासणी झाली. बिनबाह्यांचाच झगा होता. अर्जात यांनी वांग असं भरलं होतं. डॉक्टर तरुण होता बिचारा, दंड बघून म्हणाला, "हे वांगासारखं वाटत नाही." मी म्हटलं, "नाहीच. इस्त्री आहे." त्याचं पेन थांबलं. मग त्यानं ते लिहून घेतलं, आणि म्हणाला, "दोन्ही हात डोक्यावर न्या." नेले. पूर्ण गेले. म्हणाला, "कामाला काही अडचण नाही." वन्सं, मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि हसत सुटले. हात वर जातात एवढंच त्यांना बघायचं होतं! चार महिने हे माझं अंग पुसत होते आणि नोकरीला पाहिजे होते फक्त दोन हात.

सोमवारपासून शाळेत जाते आहे.

काकूंचा निरोप आला होता. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणतात. मी निरोप आणणाऱ्या बाईला म्हटलं, काकूंना विचारा, त्या उकाड्यातही लांब बाह्या का घालतात? संध्याकाळी काकूंचा दुसरा निरोप आला, की पहिला निरोप विसर.

मलम बंदच आहे. गालांवरचे वांग पुन्हा गडद झालेत. राहू देत. ते माझे स्वतःचे आहेत. खटला संपला की डॉक्टरीणबाईंना दाखवीन, चिठ्ठीनं, रीतसर.

तुमच्या हाताची खपली पडली का? पडेपर्यंत काही चोळू नका. जखमेवर मलम लावायचं नसतं, तुम्हीच शिकवलंत. नखं काप असं सांगणार होते, पण लेक म्हणाली, आत्या रडेल.

सोबत एक प्लास्टिकचा कागद आहे. लेकीनं कापला आहे, कडा बघा किती सरळ. खपली पडली की आखून पाठवा. सहावा.

तुमची
वहिनी

*

खपली पडली. डाव्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. मी कागद ठेवला, रेघ मारली, काचेखाली दिवा लावला आणि उरलेल्या पाचांवर ठेवला.

काकू, ऐकताय? या घरात आता लेकीलाही वांग आला.

खटला सुरू आहे. माझ्या भावाचा वकील म्हणतो की इस्त्री करताना बायकांचं लक्ष नसतं, भाजतं कधीकधी. मानेखाली भाजतं? पाठीवर भाजतं? दोन बायकांना, सहा जागी, त्याच टोकानं? न्यायाधीशांनी कागद हातात घेतले, एकावर एक ठेवले आणि उजेडाकडे धरले. बराच वेळ धरले. मी भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. लहानपणी काच फोडली की असाच बघायचा आणि मी पुढे होऊन म्हणायचे, "मी फोडली." या वेळी मी जागेवरून हलले नाही.

माझ्या आईच्या डागांची रेघ कुणी काढली नाही. तिच्या पाठीवर तीस वर्षांची साक्ष होती. तिला आंघोळ घालताना मी ती धुतली, पुसली, झाकली, आणि घराण्याचं नाव राखलं. घराण्याचं नाव! ज्या नावाला दर पिढीत एका बाईची कातडी लागते, ते नाव राखून कुणाचं भलं झालं?

बहिणींनो, मला तुमच्या टाळ्या नकोत, हळहळ नको. आरोळ्या तर मुळीच नकोत, त्या आमच्या घरात पुष्कळ झाल्या आणि भिंतींनी गिळल्या. एक काम करा. येत्या आठ दिवसांत भावाच्या घरी जा. पर्समध्ये एक पारदर्शक कागद आणि एक बारीक पेन घेऊन जा. वहिनीला आतल्या खोलीत घेऊन बसा, दाराला कडी लावा, भावाला बाहेर राहू दे. विचारा, आणि तिनं दाखवला तर डागावर कागद ठेवा. कडेकडेनं रेघ मारा. तारीख घाला. आणि तारखेखाली सही करा.

तिची नव्हे. तुमची.